ॲपच्या आधी

ऑनलाइन धंदा करणाऱ्या कुणाशीही बोलायला बसा, थोड्याच वेळात प्रश्न येतो, “ॲप काढायचंय, खर्च किती?” ॲप कशाला हवं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतो.

2015 साली बंगळुरूच्या मिंत्रा या कपडे विकणाऱ्या कंपनीनं 15 मे रोजी आपली वेबसाइट चक्क बंद केली. खरेदी करायची तर ॲप घ्या! कंपनीच्या सांगण्यानुसार 70 टक्के विक्री मोबाइलवरून होत होती. पण उरलेली माणसं कोण होती? कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर कापडाचा पोत निरखणारी, फोनमध्ये जागा नसलेली, नुसतं बघायला आलेली. बघायला आलेल्यालाच आपण गिऱ्हाईक म्हणतो ना? 2016च्या फेब्रुवारीत मोबाइलवरची वेबसाइट परत आली, जूनमध्ये कॉम्प्युटरवरचीही. माघार घेतली हे माझ्या मते शहाणपणाचंच झालं.

मिंत्रा 2014मध्ये ज्यांनी विकत घेतली, त्या फ्लिपकार्टनंही आपली मोबाइल वेबसाइट बंद केली होती. नोव्हेंबर 2015मध्ये त्यांनी ‘फ्लिपकार्ट लाइट’ आणली. ती ब्राउझरमध्येच उघडते. पहिल्या भेटीत ‘सर्व्हिस वर्कर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम फोनमध्ये बसतो आणि पानाचा सांगाडा जपून ठेवतो; पुढच्या वेळी रेंज गेली तरी पडदा कोरा राहत नाही. चिन्ह होम स्क्रीनवर ठेवता येतं, प्ले स्टोअरमध्ये जावं लागत नाही.

आता रत्नागिरीचा एखादा आंबा बागायतदार घ्या. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, गिऱ्हाईक वर्षातून एखाद-दोन पेट्या घेणारं. त्याचं ॲप जूननंतर कोण फोनमध्ये ठेवील? त्याला हवं व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून झटकन उघडणारं एक पान. डझनाचा भाव वरच दिसावा. आपल्या पिनकोडला पेटी येते का, हे पैसे भरायच्या आधी कळावं. पिनकोड टाकताना आकड्यांचाच कीबोर्ड उघडावा. ही साधी सोय विसरणाऱ्या साइट्स आजही कितीतरी आहेत. फोटो हलके हवेत. बटण अंगठ्याला सापडेल एवढं हवं. अँड्रॉइडची शिफारस पडद्यावर मोजायच्या 48 एककांची आहे, ॲपलची 44ची. नाव, पत्ता, फोन घ्या आणि यूपीआयनं पैसे घेऊन मोकळे व्हा. लग्नाचा वाढदिवस विचारू नका!

दूध, भाजी, बँक, बसचं तिकीट, जिथे माणूस आठवड्यातून चार वेळा येतो, तिथे ॲप जरूर काढा. ते नेहमीच्या माणसासाठी असतं, नवख्यासाठी नव्हे.

आणखी एक. साइट बनवणाऱ्याचा फोन महागडा, वायफाय सुसाट. त्याच्या टेबलावर सगळंच छान चालतं. तेव्हा घरी गेल्यावर वायफाय बंद करा, घरातला सर्वांत जुना फोन घ्या आणि आपल्याच दुकानात एक ऑर्डर देऊन बघा. जिथे अडाल, तिथून दुरुस्तीला लागा. ॲपचं नंतर बघू.