कर्जत नक्की कुठलं? उतरंडीच्या फिल्टरची गोष्ट

आजचा विषय आहे एक्सेल. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

पहिली नोकरी, उन्हाळ्याचे दिवस. पाण्याच्या टँकरचा रिपोर्ट मी पॉवर बीआयमध्ये बनवला होता. रंगीत चार्ट, वर तालुक्याचा फिल्टर. मी खूश. मीटिंगमध्ये साहेबांनी 'कर्जत' निवडलं. स्क्रीनवर आलं, मंजूर टँकर ९. साहेब म्हणाले, "यांना पुरेसे दिलेत की! जादाची मागणी कशाला?"

समोर बसलेल्या एक ताई म्हणाल्या, "साहेब, आमच्याकडे ४च येतात."

चूक माझी होती. महाराष्ट्रात कर्जत तालुके दोन. एक रायगडात, जिथे मुंबईची लोकल जाते. दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात, कमी पावसाच्या पट्ट्यात. माझ्या फिल्टरला जिल्हा माहीतच नव्हता, त्याने दोन्ही कर्जत एकत्र मोजले. ताई बोलल्या नसत्या, तर त्यांच्या गावांची मागणी तिथेच बाजूला पडली असती. आणि कर्जत एकटं नाही बरं का. खेड पुण्यात आहे तसं रत्नागिरीतही आहे. मालेगाव नाशिकमध्ये आहे तसं वाशिममध्येही आहे.

मग जिल्हा आधी आणि त्याच्या पोटात तालुका, असा फिल्टर का नव्हता केला? कारण माझी शीट तशी नव्हतीच. जिल्ह्याचं नाव मर्ज केलेल्या सेलमध्ये एकदाच, महिने आडवे पसरलेले, मध्येमध्ये 'एकूण'च्या ओळी. माणसाला वाचायला छान, फिल्टरला निरुपयोगी.

त्या रात्री बसून जे केलं, ते सांगतो. एक्सेलमध्ये डेटा टॅबवरून 'फ्रॉम टेबल/रेंज' घेतलं की पॉवर क्वेरी उघडते. मर्ज सेल सुटतात. जिल्ह्याचं नाव पहिल्या ओळीत राहतं, खालच्या ओळी रिकाम्या होतात, म्हणजे तिथे 'नल' दिसतं. जिल्ह्याचा कॉलम निवडून 'फिल डाउन' करा, प्रत्येक तालुक्यासमोर त्याचा जिल्हा येतो. मग 'एकूण'च्या ओळी गाळून टाका. त्या राहिल्या तर प्रत्येक आकडा दोनदा मोजला जातो.

आता महिने. जिल्हा आणि तालुका हे दोन कॉलम निवडा, राइट क्लिक, 'अनपिव्हट अदर कॉलम्स'. आडवे महिने उभे होतात. एका ओळीत एकच नोंद: जिल्हा, तालुका, महिना, टँकर. इथे एक मेख आहे. रिकामे, म्हणजे नल असलेले सेल अनपिव्हट करताना गळून जातात. रिकाम्याचा अर्थ खरोखर 'शून्य टँकर' असेल, तर आधी तिथे ० भरा. माहितीच आली नसेल, तर मात्र ० भरू नका. ते खोटं होईल.

मग पॉवर बीआयमध्ये एकाच स्लायसरमध्ये आधी जिल्हा टाका, खाली तालुका. जिल्ह्याशेजारच्या बाणावर टॅप केलं की तालुके उघडतात. दोन कर्जत, दोन वेगळ्या घरांत.

फक्त एक्सेल वापरत असाल, तर पिव्होट टेबलमध्ये जिल्हा आणि तालुका यांचे स्लायसर वेगवेगळे येतात. नुसतं 'कर्जत' दाबलं की पुन्हा तोच घोळ. म्हणून एक जास्तीचा कॉलम करा: 'अहिल्यानगर - कर्जत'. दोन टेबलं जोडतानाही नुसत्या तालुक्याच्या नावावर जोडू नका.

आणि हो, नावं एकसारखी करा. एका शीटमध्ये 'उस्मानाबाद', दुसरीत 'धाराशिव' असेल, तर एकाच जिल्ह्याच्या दोन फांद्या होतात. सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत जिल्हा, तालुका, गाव यांना कोड आहेत. नाव बदलतं, कोडवर जोडलेलं काम मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंना नवीन रिपोर्ट दाखवला. त्यांनी अहिल्यानगर उघडलं, कर्जत निवडलं. ४. त्या एवढंच म्हणाल्या, "हां, हे आमचं."

तुमच्या रिपोर्टमध्ये असं एखादं कर्जत लपलंय का, ते आज जरा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!