हवेतून पाणी: मशीन घ्यायच्या आधी एक हिशोब

दौंडहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. गावातल्या शाळेला सीएसआरमधून हवेतून पाणी काढणारं मशीन मिळतंय, घ्यावं का?

प्रश्न साधा नाहीये. आपला शिरूर-दौंडचा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. नदीकाठी पाणी आहे, पण पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं. ते पोरांना कसं पाजणार? त्यामुळे 'हवेतलं शुद्ध पाणी' ऐकलं की मोह होतोच. मुंबईत मध्य रेल्वेच्या स्टेशनांवर 'मेघदूत' नावाची अशी मशीन लागलीत, ती बऱ्याच जणांनी पाहिली असतील.

पण मुंबईची हवा वेगळी. ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत साधारण २१ ग्रॅम वाफ असते. ती २४ अंशांपर्यंत थंड केली की दव धरायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यातली दुपार घ्या: ४० अंश, २० टक्के. वाफ १० ग्रॅम, आणि दव धरतं थेट १३ अंशांच्या खाली. त्यातली निम्मी वाफ काढायची तर हवा जवळजवळ २ अंशांवर न्यावी लागते. म्हणजे फ्रिजपेक्षा गार! वीज पाण्यावर कमी आणि कोरडी हवा गार करण्यावरच जास्त जाते. माझ्या हिशोबाने लिटरमागे एक युनिट तरी धरा. वीस लिटरचा जार म्हणजे वीस युनिट. पहाटे चालवलं तर थोडं स्वस्त पडतं, पण तेव्हा सोलर नसतं.

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यातले ओमर याघी. त्यांच्या टीमने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात एमओएफ नावाच्या सच्छिद्र पदार्थाने रात्री वाफ शोषली आणि दिवसा उन्हाने सोडवली. कंप्रेसरची गरजच नाही. भारी आहे! पण वाळवंटातल्या चाचण्यांत किलोभर पदार्थामागे दिवसाला लिटरभरही पाणी नव्हतं. शाळेसाठी अजून वेळ आहे.

आणि गंमत बघा, मशीन सगळ्यात छान चालणार पावसाळ्यात. तेव्हा तर वरून पडतंच की! शाळेचं हजार चौरस फुटांचं पत्र्याचं छप्पर, ४०० मिलिमीटर पाऊस, थोडी गळती धरली तरी तीस हजार लिटर. शंभर पोरं, रोज दोन लिटर: दीडशे दिवस. पन्हळी, झाकलेली टाकी, फिल्टर, आणि पहिल्या सरींचं घाण पाणी बाहेर सोडायला एक व्हॉल्व्ह. मे महिन्यात तशीही शाळा बंद.

माझं मत विचाराल तर पैसे टाकीत घाला. तरीही मशीनच येणार असेल, तर विक्रेत्याला एकच विचारा. कोटेशनवरचे 'दिवसाला इतके लिटर' बहुतेक वेळा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचे असतात. ४० अंश, २० टक्क्यांना किती, आणि त्याला किती युनिट, हे त्याच्याकडून लेखी घ्या. आणि उत्तर आलं की मला पण पाठवा.