श्रमानंतरचे संगीत

बेंगळूरुच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर येथे सकाळी फिरावयास निघणाऱ्यांपैकी अनेकांच्या कानांत संगीत चालू असते. यांतील बरेच जण दिवसभर कार्यालयात बसून काम करणारे. व्यायामाला त्यांना हाच काय तो वेळ मिळतो. (तेथील तलावाने २०१७ साली पेट घेतला होता, तेव्हा फिरावयास जागा कोणती निवडावी हा प्रश्न संगीताच्याही आधीचा होय.) चालताना द्रुत लय उपयोगी पडते, याविषयी फारसा मतभेद नाही. पावले तिच्याशी जुळतात, श्रम कमी जाणवतात. परंतु चालणे थांबल्यावरही तीच लय कानांत घुमत राहते, आणि शरीराची गरज तर तोवर पालटलेली असते.

व्यायाम थांबताच नाडीचे ठोके झपाट्याने उतरू लागतात. हे कार्य मुख्यतः परानुकंपी मज्जासंस्थेचे. श्रमाच्या वेळी सैल सोडलेला लगाम ती पुन्हा हाती घेते. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २,४२८ प्रौढांची पाहणी करण्यात आली. ज्यांचे ठोके पहिल्या मिनिटात जेमतेम बारा किंवा त्याहूनही कमी उतरले, त्यांच्यात पुढील सहा वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. तेव्हा हे एक मिनिट क्षुल्लक म्हणता येणार नाही.

संगीताचा या यंत्रणेशी संबंध येतो तो विशेषतः श्वासामार्फत. इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे ल्युचानो बेर्नार्दी व त्यांचे सहकारी यांनी २४ जणांना निरनिराळ्या लयींचे संगीत ऐकविले. त्यात भारतीय रागसंगीतही होते. २००६ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की लय वाढली तसा श्वास जलद झाला, रक्तदाब आणि ठोकेही वाढले. मात्र मध्येच दोन मिनिटे शांतता ठेवली, तेव्हा ते मूळ पातळीच्याही खाली गेले. ही माणसे स्वस्थ बसलेली होती, धावून आलेली नव्हती. म्हणून हा निष्कर्ष व्यायामाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी दिशा कळते.

गजर आणि त्यानंतरची शांतता हा क्रम मराठी माणसाला आषाढी वारीत पाहावयास मिळतो. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट दिंड्या टाळमृदंगाच्या साथीने चालतात. संध्याकाळी पालखी तळावर येते तेव्हा गजर टिपेला पोचलेला असतो. चोपदार दंड उंचावतो आणि असंख्य टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात, व तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा आणि त्यानंतर आरती. ही प्रथा शिस्तीसाठी पडली, नाडीसाठी नव्हे. शिवाय वारकरी नुसता ऐकत नाही, तो गातो. आणि गाताना उच्छ्वास आपोआप लांबतो.

संगीताने स्नायूंतील लॅक्टिक आम्ल निघून जाते, अशी एक समजूत आहे. ते आम्ल एरवीही सुमारे तासाभरात उतरते, हलके चालल्यास अधिक लवकर. आणि दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचे कारण ते नव्हेच. चालणाऱ्याने एकदम न थांबता पाच मिनिटे गती उतरवीत न्यावी. त्या वेळी विलंबित आलाप ऐकावा, नाहीतर काहीच ऐकू नये. छातीत दुखू लागले किंवा घेरी आली, तर मात्र विनाविलंब डॉक्टरांना गाठावे.