मिळालेली मुदत

रात्री-अपरात्री फोन वाजला की चपला पायात सरकवून सर्व्हर रूमकडे निघणाऱ्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आपलं काम सुरळीत चाललं की ते कोणाच्या नजरेला पडत नाही. म्हणून वर्षातून एकदा आपण समोरासमोर बसतो आणि त्याविषयी मराठीत बोलतो, याचं मला फार मोल वाटतं. आज एकाच विषयावर बोलतो: सॉफ्टवेअर रेडवर चालणारा सर्व्हर का कोसळतो, आणि कोसळल्यावर आपण कसं वागायचं.

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचा अनुभव सांगतो. दोन टेराबाइटच्या दोन साध्या डेस्कटॉप डिस्क, लिनक्सवर त्यांचं मिरर, म्हणजे रेड १, आणि त्यावर सगळ्या खात्यांचा हिशेब. हा सर्व्हर अधूनमधून बंद सापडायचा. कोणी विजेला दोष दिला, कोणी यूपीएसला. यूपीएस बदलूनही झाला. मी गेलो तेव्हा तिथल्या लिपिक बाईंनी कपाटातून एक वही काढून समोर ठेवली. सर्व्हर बंद दिसला की त्या तारीख, वार आणि वेळ लिहून ठेवायच्या. पाच नोंदी होत्या, पाचही सोमवार सकाळच्या. शेजारी कॅलेंडर ठेवलं तेव्हा दिसलं की त्या प्रत्येक सोमवारचा आदला दिवस महिन्यातला पहिला रविवार होता.

डेबियन वापरणाऱ्यांना इथेच धागा सापडला असेल. डेबियनच्या अनेक आवृत्त्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी अ‍ॅरेची, म्हणजे रेडमध्ये जोडलेल्या डिस्कच्या संचाची, तपासणी आपोआप सुरू होते. दोन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचल्या जातात. एरवी महिनोन् महिने कोणी हात न लावलेला कोपराही त्या रात्री वाचला जातो.

लॉगमध्ये तपासणी सुरू झाल्याची ओळ होती आणि पुढे काहीच नव्हतं. मशीनच कोसळल्यावर त्याच्याच डिस्कवर शेवटच्या ओळी लिहिणार कोण? म्हणून आधी बॅकअप घेतला, तो उघडून पाहिला, मग सिरियल केबलने एक जुना लॅपटॉप जोडला, कन्सोल त्याच्याकडे वळवला आणि तपासणी हाताने सुरू केली. पावणेदोन तासांनी पडद्यावर ओळी उमटू लागल्या. एक डिस्क उत्तर देईना. लिंक रीसेट, पुन्हा रीसेट, शेवटी ती डिस्क बंद. अ‍ॅरेने तिला बाहेर काढलं आणि दुसरीवर काम चालू ठेवलं. मिररने आपलं काम चोख केलं होतं. पण मशीन उभं करताना स्वॅप मिररच्या बाहेर, नेमका त्याच डिस्कच्या एका पार्टिशनवर ठेवला गेला होता. डिस्क गेली, तिच्याबरोबर स्वॅप गेला, त्यात ठेवलेली मेमरीची पानं परत मिळेनात, आणि काही मिनिटांत कर्नल पॅनिक.

डिस्क गप्प का झाली, हेही पाहू. डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही, की ती हट्टाने पुन:पुन्हा प्रयत्न करते. कधी दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त. लिनक्स मात्र साधारणपणे ३० सेकंद थांबतो आणि डिस्क मेली असं समजून रीसेट करू लागतो. अ‍ॅरेसाठी बनवलेल्या डिस्क बहुधा ७ सेकंदांत हार मानतात आणि ‘हा सेक्टर वाचता येत नाही’ असं कळवतात. मग अ‍ॅरे दुसऱ्या डिस्कवरची प्रत घेऊन तो सेक्टर नव्याने लिहितो आणि काम पुढे चालतं. ज्या डिस्कमध्ये ही सोय नाही, तिथे कर्नलची मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढवावी लागते. एवढ्या एका आकड्याच्या तफावतीने किती धडधाकट अ‍ॅरे मोडले असतील!

मग हे पाच वेळा कसं घडलं? कारण दर वेळी कोणीतरी येऊन तीच डिस्क पुन्हा अ‍ॅरेत जोडत होतं. राइट-इंटेंट बिटमॅप असल्यामुळे मधल्या काळात बदललेले तेवढेच ब्लॉक लिहिले जायचे. काही मिनिटांत एमडीस्टॅटमध्ये दोन ‘यू’ शेजारी शेजारी, म्हणजे दोन्ही डिस्क चालू, दिसायचे आणि सगळे निश्चिंत व्हायचे. खराब सेक्टरला कोणी स्पर्शच केला नव्हता. तो पुढच्या पहिल्या रविवारची वाट पाहत होता. अ‍ॅरे मोडल्याचे ईमेल एमडीएडीएमने वेळच्या वेळी पाठवले होते. ते त्याच मशीनवरच्या ‘रूट’च्या पेटीत, न उघडता पडून होते.

मित्रहो, १९८८ साली बर्कलेच्या डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडची कल्पना निबंधात मांडली, तेव्हा एक साधं गणित समोर ठेवलं होतं. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर तशा १०० डिस्कच्या संचात सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, एक तरी डिस्क जाणार. त्यावर त्यांनी जादा डिस्कचा उपाय सांगितला. पण त्यांच्या सूत्रात छेदस्थानी एक राशी आहे: दुरुस्तीला लागणारा वेळ. तो जितका लांबेल तितकी सुरक्षितता घटते. माझं आजचं सगळं म्हणणं त्या छेदात आहे. दुसरी डिस्क आपल्याला मुदत देते. ती कळली नाही, किंवा कळूनही वापरली नाही, की सर्व्हर कोसळतो.

ही मुदत हल्ली आणखी अपुरी पडते. डिस्क मोठ्या झाल्या, त्यामुळे पुन्हा भरणी व्हायला कित्येक तास, कधी दिवस लागतात, आणि तेवढा काळ उरलेल्या डिस्कवर सगळा ताण असतो. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली स्कॅन एरर आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता, अशी एरर न आलेल्या डिस्कच्या तुलनेत, ३९ पट आढळली. आणि निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्यातल्या, चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे खूण दिसली तर लगेच हालचाल करा, आणि दिसली नाही म्हणून गाफील राहू नका.

आता घाईविषयी. रेड ५ मधल्या दोन डिस्क एकाच क्षणी बाहेर पडल्या, तर दोन्ही एकदम मेल्या असं सहसा नसतं. वीजपुरवठा, केबल, कंट्रोलर, असं दोघींना सामाईक काय आहे ते आधी पाहा. स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर बहुधा केबल, १९७ शून्यावर नसेल तर डिस्कचा पृष्ठभाग. अशा वेळी घाबरून ‘क्रिएट’ आज्ञा देऊ नका. नवा अ‍ॅरे जुन्याचा सुपरब्लॉक पुसतो, आणि डिस्कचा क्रम किंवा डेटा सुरू होण्याची जागा चुकली की पुढच्या भरणीत होता नव्हता तो डेटाही जातो. आधी प्रत्येक डिस्कचं ‘एक्झामिन’ घ्या, इव्हेंट काउंट कागदावर उतरवा, शक्य असेल तर डिस्कच्या प्रती काढा, आणि मगच जबरीच्या ‘असेंबल’चा विचार करा.

अध्यक्ष म्हणून माझं मागणं मोठं नाही. स्वॅप मिररवर ठेवा. ग्रब दोन्ही डिस्कवर बसवा आणि एकेक डिस्क काढून मशीन खरंच सुरू होतं का, ते सुट्टीच्या दिवशी पाहा. प्रत्येक ट्रेवर डिस्कचा अनुक्रमांक चिकटवा. घाबरलेल्या हाताने चांगली डिस्क उपसली जाते, हे इथल्या अनेकांनी पाहिलंय. लॉग दुसऱ्या मशीनवर आणि इशारे माणसाच्या फोनवर पाठवा. बॅकअप वेगळा ठेवा. चुकून पुसलेली फाइल मिरर दोन्हीकडून तितक्याच इमानाने पुसतो.

त्या पतसंस्थेत आम्ही डिस्क बदलली, स्वॅप हलवला, इशाऱ्यांचा पत्ता बदलला. पुढच्या पहिल्या रविवारी मी रात्रभर जागा होतो. पहाटे तपासणी पूर्ण झाल्याची ओळ आली. सोमवारी त्या बाईंनी वही उघडली, तारीख घातली आणि पुढे लिहिलं, ‘सर्व्हर चालू’. त्यांना रेड ठाऊक नव्हतं, कर्नल ठाऊक नव्हता. त्यांनी फक्त जे दिसलं ते त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, आणि आमची सगळी उपकरणं त्या पाच ओळींच्या मागून चालली. तुमच्या प्रत्येक सर्व्हरशेजारी अशी एक वही असू द्या.