घरातले सोंग आणि चार टाळ्यांचे गाणे
(संस्थेच्या महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



संस्थेचा इतिहास, देणगीदारांचे ऋण आणि इमारतीच्या दुरुस्तीची निकड यांविषयी वडीलधाऱ्या वक्त्यांचे बोलून झाले आहे. आम्हांस विषय मिळाला तो लहान मुलांच्या घरगुती करमणुकीचा. विषय लहान म्हणून वेळही लहान मिळाला, याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र बडोद्यासारख्या गावी हा विषय दिसतो तितका लहान नाही, एवढे प्रारंभीच सांगून ठेवतो.

हल्ली सुटीच्या दुपारी घरोघर एक प्रकार चालतो. मुले कपाट उपसतात. वडिलांचा सदरा गुडघ्यापर्यंत, टोपी उलटी, गळ्यात आईची खोट्या मोत्यांची माळ आणि ध्वनिक्षेपक म्हणून हातात लाटणे! मग हातवारे करीत, ठेका धरून, भराभर यमके जुळवीत बोलणे सुरू होते. हे काय म्हणून विचारावे, तर उत्तर येते, "रॅप." आजोबा वर्तमानपत्र वर उचलून त्याआड जातात आणि आजी लाटणे परत मागते.

हा रॅप आला कोठून? अमेरिकेत न्यूयॉर्क शहराचा ब्रॉन्क्स नावाचा गरीब वस्तीचा भाग आहे. तेथे ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, रहिवाशांच्या सामाईक दालनात, सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक मेळावा भरविला. शाळा उघडण्यापूर्वी नवे कपडे घ्यावयाचे होते आणि पैसे नव्हते. आपल्याकडे म्हणतात, सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. तेव्हा तिने प्रवेशास पैसे लावले, मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास. तबकड्या वाजविण्यास भाऊ होताच. पुढे 'कूल हर्क' या नावाने प्रसिद्धीस आलेला हा क्लाईव्ह जमेकातून आलेल्या कुटुंबातला. गाण्यातला नुसत्या वाद्यांचा तुकडा लोकांना नाचण्यास फार आवडतो, हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आळीपाळीने फिरवून तो तुकडा लांबविण्याची युक्ती त्याची. त्या ठेक्यावर जे बोलले जाऊ लागले, त्यातून पुढे रॅप आकारास आला. गायनाचा वर्ग नाही, महागडी वाद्ये नाहीत; जवळ असलेल्या सामानात भागविले. ही कला कपड्यांच्या खर्चापायी भरलेल्या मेळाव्यातून पुढे आली, ही गोष्ट आम्हांस मोठी गोड वाटते.

मुंबईच्या गल्ल्यांतही ती रुजली. डिव्हाईन आणि नेझी या तरुणांचे 'मेरे गली में' २०१५ साली आले आणि २०१९ सालच्या 'गली बॉय' चित्रपटाने ती घरोघर पोचविली. एमसी मवाली यांच्यासारख्यांनी मराठीतून रॅप केला आहे.

आता हे आपल्याला अगदीच परके आहे काय? अंगावर दुसऱ्याचा पोशाख चढवावा आणि ठेक्यावर चार बोल सुनवावेत, हे तर आपल्या घरचे. मोरपिसांची टोपी घालून पहाटे दारी येणारा वासुदेव पाहा. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली, त्यांत वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या अशी किती सोंगे आहेत! डफावर पोवाडा म्हणणारा शाहीर झाला, सवाल-जवाबात एकमेकांस कोंडीत पकडणारे कलगी-तुऱ्याचे फड झाले. रॅपमध्येही दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांवर ताशेरे झाडतात, हे ऐकून फडात बसलेल्या माणसास काही नवल वाटले नसते.

सोंगाचा एक गुण आहे. स्वतःच्या तोंडाने जे बोलवत नाही, ते दुसऱ्याचा पोशाख घातला की बोलता येते. आम्ही हा विषय स्वीकारला तो या गुणासाठी.

आपली स्थिती आपण जाणतोच. गायकवाडांच्या मागोमाग आपले पूर्वज इकडे आले, त्यास आता तीनशे वर्षे होत आली. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० पासून आपण गुजरात राज्याचे नागरिक आहोत. गुजराती ही आपल्या शेजाऱ्यांची आणि बाजारपेठेची भाषा. ती मुलांना उत्तम यावी, त्यात दुःख करण्याजोगे काही नाही. शाळेत इंग्रजी, दूरचित्रवाणीवर हिंदी. मराठीला उरले घर. आणि घरात काय होते? नात मराठीत एक वाक्य बोलते, त्यात "चष्मा सापडली" असे म्हणते. लगेच आत्या हसते, काका दुरुस्त करतात, आजोबा व्याकरण सांगतात. पुढच्या वेळी नात गुजरातीत उत्तर देते. तिला मराठी येत नाही असे नव्हे. ती बोलण्याचे टाळते. अशी मुले आपल्या मंडळींच्या घरोघर आहेत.

त्याच मुलीला आजोबांचे उपरणे आणि टोपी घालून आजोबा होऊ द्या. आजोबा गुजरातीत ओरडत नाहीत, हे तिला पक्के ठाऊक असते. सोंग वठवायचे तर आजोबांचे मराठीच बोलावे लागते, त्यांच्या खाकरण्यासकट. चूक झाली तरी ती आजोबांची! उदाहरणादाखल, अशा खेळात शोभतील अशा चार ओळी आम्ही जुळविल्या आहेत:

चष्मा कुठे, चष्मा कुठे, ओरडतात आजोबा
कपाटात बघा, खाटेखाली बघा, देवघरात शोधा
आजी म्हणे, अहो, जरा आरशामध्ये बघा
चष्मा बसलाय टकलावरती, करतोय मजा!

यमक शास्त्रशुद्ध नाही, हे आम्हांसही दिसते. चालायचेच. प्रत्येक ओळीस चार टाळ्या, चौथ्या टाळीच्या आसपास यमक पडावे, आणि दुसरी व चौथी टाळी जरा जोरात, एवढेच शास्त्र पुरे. शब्द कमी पडले तर मध्ये थांबावे, जास्त झाले तर घाईने म्हणावे. त्या घाईतच रॅपची गंमत आहे. घरात कोणी तबला शिकलेले असेल तर केरवा धरावा. त्याच्या आठ मात्रा या बोलण्याला चपखल बसतात. तबला नसेल तर पिठाचा रिकामा डबा. गती मात्र सावकाश ठेवावी, नाहीतर लहान भावंड मागे पडते आणि रडारड होते.

पोशाख विकत आणू नयेत. भाड्याचे तर मुळीच नकोत. जुना कोट, ओढणी, पंचा, फेट्याचे कापड हे एका ट्रंकेत घालून ती ट्रंक मुलांच्या स्वाधीन करावी. आजीची नऊवारी सात वर्षांच्या मुलीस झेपत नाही, पायात अडकून पडते. तेथे ओढणीच बरी. टाचण्या नकोत, गळ्याभोवती घट्ट गाठी नकोत, लोंबता पदर घेऊन स्वयंपाकघरात शेगडीपाशी जाणे नको, आणि तान्हे मूल घरात असेल तर सुटे मणी नकोत. आणखी एक. वेष करावयाचा म्हणून कोणाच्या रंगाची, व्यंगाची किंवा जातीची टवाळी होऊ देऊ नये. त्यापेक्षा घरातल्या माणसांची सोंगे बरी, राग आलाच तर घरातच राहतो.

काही वडीलधारी म्हणतील की रॅपमध्ये शिवराळपणा फार. काहींत आहे, नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच मुलांनी दुसऱ्याचा पाठ न करता स्वतःचे शब्द जुळवावेत. आपल्या वेषभूषा स्पर्धांत काय घडते, हे आपण दरवर्षी पाहतो. भाषण आईने लिहिलेले, तलवार मामाने आणलेली, आणि व्यासपीठावर आलेले बाळ मिशी सुटली म्हणून रडत असते. बक्षीस कोणास मिळाले म्हणावे?

खेळ चालू असताना दुरुस्ती करू नये, ही आमची मोठ्यांस हात जोडून विनंती. लिंग, वचन, विभक्ती ही रात्री जेवताना पाहता येतील. आणि मोबाईलवर चित्रफीत घेऊन लगोलग साऱ्या नातेवाइकांस पाठवू नये. घ्यावयाची तर मुलास विचारून. लाजरे मूल एकदा हसू झालेले पाहिले की महिनाभर ट्रंक उघडत नाही.

विश्वस्त मंडळींपुढे एक सूचना ठेवतो. येत्या कोजागिरीस वेषभूषा स्पर्धेऐवजी संस्थेच्या सभागृहात सतरंजी घालून मुलांना बसवावे. प्रत्येक घरातून एक सोंग आणि चार ओळी, मराठीत, जशा येतील तशा. परीक्षक नकोत, क्रमांक नकोत, दूध सर्वांस सारखे. आजोबा-आजींनी समोर बसावे, कारण सोंगे बहुतेक त्यांचीच निघतील. खर्च विशेष नाही. तबला संस्थेचा आहेच; बरेच दिवस खोळीबाहेर निघालेला नाही, तेव्हा त्याची शाई तेवढी आधी कोणीतरी पाहून घ्यावी.