जाम झालेली गिअरपेटी

1955 सालापासून मद्रासेत तयार होऊ लागलेल्या जुन्या बुलेट फटफटीची चार गिअरांची अल्बियन पेटी इंजिनाच्या पाठीशी स्वतंत्रपणे जोडलेली असते. आणि अशी एखादी जुनी गाडी चालता चालता अडली, की बहुतेकांचा हात प्रथम हातोडीकडे जातो. वास्तविक दोष कोठे आहे याची जबानी ही पेटी न उघडताही देते, आणि ती घेतल्यावाचून पाना उचलणे हा निव्वळ उतावळेपणा होय.

या पेटीतील मुख्य शाफ्ट आणि त्याच्याभोवतीचे स्लीव्ह गिअर ही दोन्ही चौथ्या गिअरमध्ये एकजीव होऊन फिरतात. अन्य गिअरांत मात्र त्यांची गती भिन्न असल्यामुळे सारे घर्षण मधल्या काशाच्या बुशावर येते. पूर्वी या पेटीत पातळ ग्रीस भरण्याची वहिवाट होती. ते वर्षानुवर्षे न बदलता घट्ट झाले, की बुश कोरडा पडतो आणि शाफ्टाला धरतो. म्हणून गाडी स्टँडवर चढवून, इंजिन बंद ठेवून व क्लच दाबून मागचे चाक हाताने फिरवावे. न्यूट्रलमध्ये आणि चौथ्यात ते बिनतक्रार फिरले, परंतु पहिल्यात जागच्या जागी अडले, तर गुन्हेगार तो बुशच, असे खुशाल समजावे.

मग उजवीकडची झाकणे उतरवावीत, निघेल तो प्रत्येक वायसर क्रमवार फडक्यावर मांडावा, आणि डावीकडचा क्लच पुलरने ओढून काढावा. स्प्रॉकेटच्या नटाचे आटे उलटे आहेत की सुलटे, हे जोर लावण्यापूर्वी पाहावे. शाफ्ट एकटा निघणार नाहीच. स्प्रॉकेट उतरल्यावर तो स्लीव्हसकट आतल्या बाजूस सरकवून बाहेर घ्यावा. बेअरिंग हटून बसले असेल, तर रिकामी पेटी उकळत्या पाण्यात ठेवावी. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे जी पकड घणाला दाद देत नाही, ती उष्णतेने आपोआप सैल होते.

शाफ्टावरून नख फिरवावे. ते ओरखड्यात अडकले, तर शाफ्टही बदलावा. नवा बुश लेथवरचा कोणताही जाणता कारागीर कातून देईल. तडकलेले ॲल्युमिनियमचे कवच मात्र सहजासहजी पुन्हा मिळत नाही, आणि हातोडी बहुधा त्याचाच बळी घेते.