दारातून आत आल्यानंतर

काशी म्हटले की मराठी मनापुढे घाट उभे राहतात. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारलेले विश्वेश्वराचे मंदिर, शिवराज्याभिषेकाशी कायमचे जोडले गेलेले गागाभट्टांचे नाव, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या बाजूस पिढ्यान्पिढ्या नांदत आलेली महाराष्ट्रीय घराणी, हे सारे त्या चित्रात येते. बाबूराव विष्णु पराडकर हे जन्माने मराठी. याच नगरीत त्यांनी 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादन केले, आणि हिंदी वृत्तपत्रसृष्टीने त्यांना परके न मानता आपल्या आद्य पुरुषांत स्थान दिले. परक्याला सामावून घेण्याची विद्या काशीला ठाऊक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु काशीत घाटांखेरीज आणखी एक मोठी वस्ती आहे. शहराच्या पश्चिमेला रेल्वेची इंजिने बनविणारा कारखाना आहे. २३ एप्रिल १९५६ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्याचा पाया घातला. अमेरिकेतील 'अल्को' या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने येथे डिझेल इंजिने बनू लागली, आणि जानेवारी १९६४ मध्ये पहिले इंजिन बाहेर पडले. पुढे काळ पालटला. डिझेलची जागा विजेने घेतली, तेव्हा याच कारखान्यात विद्युत इंजिने तयार होऊ लागली. २०२० साली त्याचे नावही बदलले. 'डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स'चे 'बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स' झाले.

अशा कारखान्यात हजारो माणसे एकत्र येतात. कोणी पूर्वांचलातील खेड्यातून येतो, कोणी बिहारमधून, कोणी बंगालमधून, तर कोणी थेट दक्षिणेतून. जात निराळी, धर्म निराळा, घरची भाषा निराळी. ज्याला आजकाल कामाच्या ठिकाणची विविधता आणि समावेश म्हणतात, तो प्रश्न येथे पुस्तकातून आलेला नाही. तो रोज सकाळी भोंग्याबरोबर दारातून आत येतो. दार उघडे आहे काय, हा या प्रश्नाचा पहिला भाग होय. दारातून आत आल्यानंतर माणसाचे काय होते, हा दुसरा. आणि तोच अधिक अवघड आहे.

दार उघडण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाला वाट दाखविली, हे अभिमानाने सांगता येईल. २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या गॅझेटात शाहू छत्रपतींचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला, आणि संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. पुढे भारतीय संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीतील समान संधी हा नागरिकाचा हक्क ठरविला आणि मागासलेल्या वर्गांसाठी जागा राखून ठेवण्याची मुभाही राज्यसंस्थेला दिली. दिव्यांगांसाठी १९९५ च्या कायद्याने तीन टक्के जागा राखल्या होत्या. २०१६ च्या कायद्याने त्या चार टक्के केल्या आणि दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. कायद्याने दार उघडते ते असे.

पण खुद्द शाहू महाराजांच्याच पदरी काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे एक सेवक होते. नोकरी मिळालेली होती, म्हणजे दार उघडलेले होते. तरीही सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल सोबतच्या नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराजांनी दोषींना शासन केले, आणि तेवढ्यावर न थांबता कांबळ्यांना कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून दिले. त्या हॉटेलापाशी गाडी थांबवून महाराज स्वतः चहा घेत, आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागे. जाहीरनाम्याने जे साधले नव्हते, ते त्या चहाच्या पेल्याने साधू लागले. नोकरी आणि हौद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा बंदोबस्त केल्यावाचून पहिली पुरी होत नाही, हे त्या राजाने ओळखले होते.

मुंबईच्या गिरण्यांत तर हौदही दृष्टीस पडत नव्हता. तेथे भेद यंत्रातच दडलेला होता. कापड विणण्याच्या खात्यात मजुरी अधिक मिळे. पण त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातील सूत संपले की नव्या कांडीच्या सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या ओठांना लागलेला धोटा दुसऱ्याने कसा वापरावा, हा सवर्ण कामगारांचा आक्षेप होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला. कामगारांची एकजूट मागणाऱ्यांनी आधी कामगारांतला हा भेद मोडावा, असे त्यांचे म्हणणे होते.

येथे एका लोकप्रिय आक्षेपाचे उत्तर मिळते. राखीव जागा आणि खास सोयी यांमुळे गुणवत्तेला धक्का बसतो, असे पुष्कळांना मनापासून वाटते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण इंजिनाचा सांधा कच्चा राहिला, तर तो कोणाची जात पाहून सूट देणार नाही. पण गिरणीतल्या त्या कामगाराच्या विणकामाची परीक्षा कोणी घेतली होती? तो हिणकस विणतो असे सिद्ध झाले आणि मग त्याला वगळले, असे घडले नव्हते. परीक्षेच्या आधीच धोट्याने त्याला बाद केले होते. गुणवत्तेचे माप काटेकोर असावेच. मात्र ते माप सर्वांच्या हाती पोहोचेल अशी व्यवस्था झाल्यावरच त्याच्या काटेकोरपणाला अर्थ येतो.

धोट्याची गोष्ट जुनी झाली म्हणून निःश्वास टाकावा, तर इंजिनाची गोष्ट समोर येते. कित्येक दशके भारतीय रेल्वेची इंजिने शौचालयावाचून धावत राहिली. इंजिन चालविणारा पुरुषच असणार, आणि तो तासन्‌तास निभावून नेईल, असे आराखडा करणाऱ्याने गृहीत धरले होते. त्यात कोणाचा द्वेष नव्हता. १९८९ साली साताऱ्याच्या सुरेखा यादव सहायक चालक म्हणून रुजू झाल्या. भारतातील त्या पहिल्या महिला रेल्वेचालक. २०२५ साली, छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर, त्या निवृत्त झाल्या. तोपर्यंत महिला चालकांची संख्या हजाराच्या मापाने मोजावी लागू लागली होती. म्हणजे दार उघडले. पण आतले यंत्र मात्र जुन्याच माणसासाठी बनलेले राहिले.

२०१६ साली जैवशौचालय बसविलेल्या इंजिनाचा प्रारंभ झाला, आणि अलीकडे वाराणसीत बनणाऱ्या विद्युत इंजिनांत पाण्यावाचून चालणारे मूत्रालय बसविण्यास आरंभ झाला आहे. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र मूत्रालयाने पुरुष चालकाची जेवढी सोय होते, तेवढी स्त्री चालकाची होत नाही, हे सांगावयास तज्ज्ञाची आवश्यकता नाही. शिवाय या सोयीचा लाभ केवळ स्त्रियांपुरता राहणार नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पोटाच्या व्याधीने बेजार झालेला, साठीकडे झुकलेला पुरुष चालकही इतकी वर्षे मुकाट्याने सोसतच होता. नव्या माणसाच्या निमित्ताने जुन्या माणसाचे दुःख दिसू लागते. दिव्यांगासाठी बांधलेल्या उतरत्या वाटेवरून ओझे वाहणारा हमालही सुखाने जातो, तसेच हे आहे.

तेव्हा मोठ्या कारखान्याच्या चालकांनी आपल्या नोकरवर्गाची गणती करून समाधान मानू नये. किती स्त्रिया घेतल्या, किती दिव्यांग घेतले, कोणत्या जमातीचे किती, हे आकडे आवश्यकच आहेत. पण ते दारावरचे आकडे होत. आतले प्रश्न निराळे असतात. वरच्या जागांवर कोण पोहोचले? कोण मध्येच नोकरी सोडून गेले, आणि का? जेवणाच्या सुट्टीत कोणाच्या शेजारची बाके रिकामी राहतात? २०१३ च्या कायद्याने कामाच्या जागी स्त्रियांच्या तक्रारींसाठी समिती नेमणे दहा वा अधिक माणसांच्या प्रत्येक आस्थापनेवर बंधनकारक केले. समितीचा फलक भिंतीवर लागला म्हणजे कायदा पाळला गेला. पण त्या समितीकडे जाताना तक्रार करणारीला भीती वाटते की विश्वास वाटतो, यावर त्या कायद्याचे सार्थक अवलंबून आहे.

यात वरिष्ठांचे वर्तन फार मोलाचे असते. कनिष्ठ माणूस परिपत्रक क्वचित वाचतो. साहेब कोणाच्या टेबलाशी बसून चहा घेतात, हे मात्र तो रोज पाहतो. शाहू महाराजांना हे कळले होते, म्हणून त्यांनी हुकूम काढला आणि पेलाही हाती घेतला. दोन्ही लागतात. हुकमावाचून पेला ही एका भल्या माणसाची मर्जी ठरते, आणि ती त्याच्याबरोबर संपते. पेल्यावाचून हुकूम हा केवळ कागद राहतो.

वाराणसीच्या कारखान्याने डिझेलवर धावणारे यंत्र विजेवर धावावयास लावले. त्यासाठी जुने आराखडे बाजूस सारावे लागले, आणि नित्याच्या कारागिरांनाच नवी विद्या शिकावी लागली. जेथे लोखंडाची इतकी जुनी सवय मोडता आली, तेथे माणसांच्या सवयी मोडणे अशक्य मानण्याचे कारण नाही. मात्र त्यासाठी आराखडा करणाऱ्याने कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे: या यंत्रावर उद्या कोण बसणार आहे, आणि त्यातले कोण आज या खोलीत नाही?